कोणाचाही दोष नाही

४ मार्च, सोमवार

एकदाची पोचले. बदलीचा कागद हातात पडून आठ दिवस झाले तरी खरं वाटत नव्हतं. आज मयत-जबाब विभागाच्या हजेरीपुस्तकात सही केली, तेव्हा कुठे वाटलं. तिसरा मजला, शवागाराच्या बरोबर वर. मला खिडकीजवळचं टेबल मिळालंय. खुर्ची इतकी नवी की अजून प्लास्टिक निघालेलं नाही. अकरा वर्षं कोर्टात डुगडुगत्या स्टुलावर बसून वकिलांचं लांबलचक बोलणं लघुलिपीत उतरवलं, त्यामानाने हा थाटच म्हणायचा.

खोलीही बरी आहे. खाली लाँड्री, त्यामुळे फरशी दिवसभर कोमट असते आणि सगळ्याला इस्त्रीचा वास येतो. आईला फोन केला. तिने अर्धा तास पडदे कसे लावायचे ते समजावलं. खोलीला खिडकी एकच आहे, हे सांगायला मला मध्ये फटच मिळाली नाही.

विभागात माणसं तीन. साहेब, म्हणजे प्रमुख. बोलतात थोडं, सही मात्र पानभर करतात. रेकॉर्डच्या मावशी, त्यांच्या कमरेला फायलींच्या खोलीची किल्ली. आणि मास्तर, जे मेलेल्यांना बोलतं करतात. मी काहीतरी भारदस्त माणूस डोळ्यांसमोर आणला होता. निघाला एक किडकिडीत गृहस्थ, कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर आणि खिशात खोकल्याच्या गोळ्या. मला एक दिलीही. सहा वर्षांपूर्वी या शहरात मेलेला माणूस पहिल्यांदा बोलला तो यांच्यामुळे. आता कायद्याने मयताचा जबाब जिवंत साक्षीदाराच्या वर धरतात. बाकीच्या शहरांना अजून हे साधलेलं नाही.

मी इथे का आले हे कुणाला माहीत नाही. नवरा सोडला पण आडनाव ठेवलं, ते आज उपयोगी पडलं. सहा वर्षांपूर्वी माझ्या दादाची टॅक्सी कालव्यात सापडली. त्याचा जबाब घेतलाय आणि अपघात झाला असं तो स्वतःच म्हणालाय, एवढं आम्हाला कळवलं. तो जबाब वाचायला द्या म्हणून मी चार अर्ज केले. एकालाही उत्तर नाही. आता त्या फायलींचं कपाट माझ्या भिंतीपलीकडे आहे. आईला शब्द दिलाय, दादा शेवटचं काय बोलला ते त्याच्याच शब्दांत वाचून दाखवीन.

ही वहीही लघुलिपीतच लिहितेय. हाताला तीच सवय, आणि कुणी उघडली तरी गिचमिड समजून मिटेल.

५ मार्च, मंगळवार

पहिला जबाब झाला. अकरा वाजता, लख्ख उजेडात. पांढऱ्या फरशांची खोली, मध्ये टेबल, टेबलावर परांचीवरून पडलेला एक रंगारी. नखांत अजून निळा रंग होता.

मास्तर एक ओली लोकर घेतात. तिचं एक टोक मयताच्या खालच्या दातांमागे अडकवतात. दुसरं टोक त्यांच्या पायाशी असलेल्या पत्र्याच्या पेटीत जातं. पेटीवर राखाडी घोंगडी. आत त्यांची हत्यारं आहेत म्हणे. मग ते लोकरीच्या मध्यावर आपले दात टेकवतात आणि डोळे मिटतात.

पाचव्या मिनिटाला रंगाऱ्याचा जबडा हलला. मी कोर्टात खुनी पाहिलेत, पण असं काही कधी पाहिलं नव्हतं. तरी एक अक्षर चुकू दिलं नाही. लघुलिपीत शब्द नाही, ध्वनी पकडायचा असतो. समोरचा मेलेला आहे की जिवंत, याच्याशी हाताला कर्तव्य नसतं. पाय घसरला, दोरी बरी होती, कोणाचाही दोष नाही, असं तो म्हणाला. साहेबांनी सही केली. नंतर मास्तरांनी मला तो जबाब मोठ्याने वाचायला लावला आणि मी नेटकं काम करते म्हणाले. घरी येताना जरा मिरवतच आले.

८ मार्च, शुक्रवार

फाईल मागितली. मावशी म्हणाल्या, साहेबांची सही आणा. साहेब म्हणाले, नमुना सातवर अर्ज द्या. नमुना सात मावशींकडे मिळतो. मावशी म्हणाल्या, नमुना सात दोन वर्षांपासून छापून आलेला नाही. मी म्हटलं, मग हाताने लिहून देते. त्यावर साहेबांनी चष्मा काढून मला नीट पाहिलं आणि हाताने लिहिलेला नमुना हा नमुना राहत नाही, असं समजावलं.

भिंत माझ्या टेबलापासून चार पावलं आहे. मोजून पाहिली.

संध्याकाळी आईचा फोन. मिळाला का, मिळाला का. नाही म्हटलं तर शेजारणीच्या सुनेपासून सुरुवात करून कुठल्याकुठे गेली. दादा अगदी हिच्यावर गेला होता. टॅक्सीत बसलेला प्रवासी उतरेपर्यंत हा त्याला स्वतःच्या लहानपणासकट सगळं सांगून मोकळा. घुमेपणा काय तो माझ्या वाट्याला आला.

१२ मार्च, मंगळवार

आठवड्यात नऊ जबाब झाले. नऊच्या नऊ अपघात. पिठाच्या गिरणीतला कामगार पट्ट्यात सापडला, दोष कोणाचा नाही. रखवालदार गच्चीवरून पडला, दोष कोणाचा नाही. आज एक बाई होती, गळ्यावर पाच बोटांचे वळ इतके स्पष्ट की अंगठा कुठला तेही कळत होतं. बाई म्हणाली, न्हाणीघरात पाय घसरला. तिचा नवरा बाहेर बाकावर बसला होता, साहेबांच्या ओळखीचा. मी पेन्सिल थांबवून वर पाहिलं. साहेब म्हणाले, तुमचं काम लिहायचं.

आणखी एक गोष्ट डोक्यात भुणभुण करतेय. टिपणं पुन्हा चाळताना दिसलं की नऊही जण वाक्याआधी ‘म्हणजे कसंय बघा’ म्हणतात. रंगारीही, गिरणीवालाही, ही बाईही. आणि ‘आहे’मधला ह सगळेच गिळतात. आधी वाटलं माझाच हात बिघडला. मास्तरांना विचारलं तर म्हणाले, मेल्यावर जीभ जड होते, सगळे सारखेच बोलतात. गोळी पुढे केली. घेतली नाही.

१५ मार्च, शुक्रवार

फाईल पाहिली!

मावशींचे डोळे अधू झालेत, त्यांना जुन्या फायलींची यादी वाचून देणारं कुणी हवं होतं. मी दुपारी जेवण सोडून यादी वाचली. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि पाठ फिरवली.

फाईल क्रमांक एक. वर दादाचं नाव, टॅक्सीचा नंबर, तारीख, शिक्का. खाली मास्तरांची सही, साहेबांची लांबलचक सही. मध्ये कोरा कागद. उलटून पाहिला, उजेडात धरला. कोरा. सहा वर्षं, चार अर्ज, एक बदली, कशासाठी तर कोऱ्या कागदासाठी. तिथेच तो चुरगळून टाकावा असं वाटलं. मावशींनी हातातून काढून घेतला.

निघताना त्या म्हणाल्या की याच्याआधी मास्तर तेरा वर्षं मेलेल्यांना हाका मारत होते. एकानेही ओ दिली नव्हती. ही फाईल झाली आणि दुसऱ्याच आठवड्यापासून सगळे बोलायला लागले.

१८ मार्च, सोमवार

सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी एका म्हाताऱ्या परिचारिकेचा जबाब होता. जिन्यावरून पडलेली. बोलता बोलता ती म्हणाली, म्हणजे कसंय बघा, मी हॉर्न मारून वळवली, तर समोर पाणी. साहेबांनी खाकरून थांबवलं, मास्तरांनी लोकर ओढली, ती पुन्हा जिन्यावर आली. पण मी ऐकलं होतं. कोण वळवताना हॉर्न मारतं, कोण ह गिळतं, हे मला आणखी कुणी सांगायची गरज नव्हती.

दुपारी मास्तर चहाला गेले. घोंगडी उचलली, पेटी उघडली. आत हत्यारं नव्हती. कापसावर एक खालचा जबडा होता, पिवळट, स्वच्छ धुतलेला. लोकर त्याला बांधलेली. पुढचा दात तिरका तुटलेला. मला सायकल शिकवताना दादा नळाच्या खांबावर आपटला होता, तेव्हाचा. त्याचा देह आम्हाला दिला तेव्हा तोंड पट्ट्यांनी गुंडाळलेलं होतं. चेहरा चेपलाय, उघडू नका, असं सांगितलं होतं. आम्ही उघडलं नाही.

लोकर दातांत धरली. पाणी लागतं तशी गार होती. म्हटलं, दादा, मी.

माझाच जबडा हलला. आवाज त्याचा. “म्हणजे कसंय बघ छोटे, दमलोय गं.”

मी विचारलं, तू कसा गेलास. तो सांगायला लागला. परांचीवरून पडलो. पट्ट्यात हात गेला. न्हाणीघरात – नाही, ती बाई. गच्चीवरून. जिन्यावरून. पाण्यात. त्याने अडीच हजारांवर मरणं बोलून काढलीत. म्हणाला, “माझं यातलं कुठलं, तेच आता कळत नाही.”

सहा वर्षांनी विचारायला मिळालं आणि हे उत्तर.

खोलीवर येऊन आईला फोन केला. सांगायला नको होतं. सांगितलं.

१९ मार्च, मंगळवार

मास्तरांना कळलंय. लोकरीची गाठ मी उलटी मारली होती. रागावले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि इतक्या सौम्यपणे बोलले की मला ओरडताही येईना.

मेलेले बोलत नाहीत, म्हणाले. तेरा वर्षं प्रयत्न केला, प्रेतं गप्प. मग लक्षात आलं की माणूसच असा हवा, ज्याला गप्प बसणं जमतच नाही. मरतानाही ज्याचं वाक्य अर्धं राहील. तीन महिने ते दादाच्या टॅक्सीत मागे बसून फिरले. खात्री करून घेतली. एखाद्याने दुकानात चार रेडिओ वाजवून बघावेत तसं सांगत होते. त्यांनी काय केलं ते उघड म्हणाले नाहीत. म्हणायची गरजही ठेवली नाही.

हल्ली त्याचा आवाज बसत चाललाय, एवढीच चिंता आहे म्हणाले.

पेटी आता ते घरी घेऊन जातात.

२० मार्च, बुधवार

तक्रार करायला गेले. कुठे जाणार – तळमजल्यावरच्या पोलीस चौकीत, त्याच खात्यात. अंमलदाराने ऐकून घेतलं आणि विचारलं, मयताचा जबाब काय म्हणतो? मी म्हटलं, कोरा आहे. तर म्हणाला, मयताची तक्रार नाही, मग तुमची कशी चालेल? कायद्याने मयत वरचढ. कागद साहेबांकडे पाठवला. साहेबांनी माझ्यासमोर फाडला नाही, घडी घालून खिशात ठेवला. तेच जास्त लागलं.

मावशी रजेवर. कधी येणार कुणाला माहीत नाही.

खोलीवर आले तर दारात आई. पहिल्या बसने निघाली होती. हातात पिशवी, तोंड सुरू.

२१ मार्च, गुरुवार

आई ऐकत नाही. मी म्हटलं, पेटी चोरू, जबडा फोडू, त्याला मोकळं करू. ती म्हणाली, फोडला आणि तो सुटण्याऐवजी नुसता मुका होऊन आतच राहिला तर? तिला त्याच्याशी बोलायचं होतं, बस. मास्तरांनी लगेच हो म्हटलं. खुर्ची दिली, पाणी दिलं, आईंना आरामात बसू द्या म्हणाले.

चार तास. आईच्या तोंडातून एकदा आई, एकदा दादा. दोघं एकमेकांचं वाक्य तोडत होते, घरी जेवायला बसल्यावर करायचे तसं. दादा हसला. मी भिंतीला टेकून रडले.

मग मास्तरांकडे लक्ष गेलं. डोळे मिटून, मान किंचित कलती करून ऐकत होते. दादाला नाही. आईला.

आईला हाताला धरून बाहेर काढलं. उद्याच परत जायचं.

२३ मार्च, शनिवार

काल बस नाही. आज सकाळी तिकिटं काढायला गेले, आईला आत ठेवून, बाहेरून कुलूप लावून.

निघताना ती म्हणाली होती, “तो सहा वर्षं एकटा बोलतोय गं. कुणीतरी पाळी घ्यायला नको?” मी म्हटलं, असलं काही बोलू नकोस. इतकंच म्हटलं. तिच्याशी वाद घालायला मला कधी जमलं नाही –

परत आले. कुलूप जागेवर. कड्यात ओली लोकर गुंडाळलेली. आत आई नाही.

विभागाला सुट्टी. फाटक बंद. वाजवलं, वाजवलं. रखवालदार म्हणाला, सोमवारी या.

२५ मार्च, सोमवार

आई टेबलावर.

साहेब म्हणाले, शनिवारी स्वतःहून आल्या, खुर्चीतच हृदय थांबलं. एक कागद दाखवला. मुलाला मोकळं करावं, त्याच्या जागी मी बसते, स्वखुशीने. सही आईचीच. शेवटचं अक्षर ओळीखाली ओढलेलं, ती नेहमी करते तसं.

तोंड पट्ट्यांनी गुंडाळलेलं. उघडू नका म्हणाले.

उघडलं. खाली काही –

मास्तर म्हणाले, आईंनी फार समजूतदारपणा दाखवला. मी त्यांच्या अंगावर धावले. साहेबांनी धरलं. उद्या अकराला कामावर हजर राहा, मयताचे कुणी नातेवाईक गैरहजर राहिले तर देह ताब्यात मिळत नाही. नियम आहे म्हणे. नियम.

निदान दादा सुटला. एवढं तरी.

वही आता पिशवीत बाळगते. खोलीच्या दाराचा भरवसा नाही.

२६ मार्च, मंगळवार, अकरा

समोर गोदीतला हमाल. छातीत भोक. साहेब म्हणतात, हूक लागला. पेटीतून लोकरी दोन येतायत.

दोन.

जबडा हलला. “म्हणजे कसंय बघा –”

दादा आहे. सोडलाच नाही त्याला. आईची सही घेतली आणि दोघांनाही ठेवलं –

साहेबांनी विचारलं, कसे पडलात? दादा सांगायला लागला, हूक सुटला, दोष – आणि त्याच तोंडातून आई. “थांब. हे तुझं नाही.”

मास्तरांनी लोकर ओढली. येत नाही. पुन्हा ओढली. त्यांच्या ओठातून रक्त.

आई त्याचं एकेक काढून बाजूला ठेवतेय, कपाट आवरावं तसं. परांचीवरून पडलास? तू कधी शिडी चढलास रे? हे तुझं नाही. जिना? नाही. न्हाणीघर त्या बिचारीचं, आणि ती पडली नव्हती, ते ठेव बाजूला, तेही सांगू. पाण्याचं सांग. हां, ते तुझं –

साहेबांनी माझ्यासमोरचे कागद हिसकावले. या वहीत लिहितेय. ते बोलतात तेवढ्याच वेगाने मला लिहिता येतं, अकरा वर्षं दुसरं काय केलं.

साहेब ओरडतायत, बंद करा. मास्तर दोन्ही हातांनी ओढतायत. हमालाचं डोकं टेबलावर आपटतंय, तरी दोघं बोलतायत –

आई – आता पहिल्यापासून, सावकाश.

दादा – संध्याकाळ होती. ऊन डोळ्यांवर. कालव्याच्या पुलावर त्याने गाडी थांबवायला सांगितली. मी त्याला छोटीचंच सांगत होतो –

मास्तरांनी लोकर सोडली. माझ्याकडे येतायत.

आई म्हणते, वर बघू नकोस. लिही.

लिहितेय.

दादा – तो नेहमीसारखा मागे बसला होता. हातात ओली लोकर. मी म्हटलं, म्हणजे कसंय बघा साहेब, विणकाम करता की काय. तो हसला. म्हणाला, जरा इकडे वळा. मी बोलतबोलत वळ